आवर घालणाऱ्या पेशी

माधवनगर (सांगली)
१४ जून १९९६

प्रिय चारू,

सोबत आठ पानं आहेत. घाबरू नकोस, तुझ्या नववीच्या मुली आवडत्या ऋतूवर याहून जास्त लिहितात. पुण्याच्या एका विज्ञान मासिकानं मेंदूवर लेख मागितला आणि मी हो म्हणून बसले. सोळा वर्षं मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी इंग्रजीत शिकवते आहे. मराठीत लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्य सरकारी परिपत्रकासारखं ताठ उभं राहतं. वसतिगृहात आपण एका खोलीत होतो तेव्हा माझे अर्जसुद्धा तूच दुरुस्त करायचीस. आता लाल पेन पुन्हा हातात घे.

विषय सांगते. गेल्या वर्षी मी सहा आठवडे बंगळूरला शिकायला गेले होते. तिथे उंदराच्या मेंदूची पोह्यासारखी पातळ चकती खारट द्रावणात तासन्‌तास जिवंत ठेवतात. आपण काही नवं शिकतो तेव्हा दोन चेतापेशींमधला जोड बळकट होतो. एका पेशीला लागोपाठ डिवचलं की पुढची पेशी नंतर कितीतरी वेळ जास्त जोरानं ओ देते, हे मी तिथे पडद्यावर पाहिलं. पण गंमत त्याच्या पुढे आहे. या मोठ्या पेशींच्या भोवती लहान, स्थानिक पेशी असतात. त्यांचे धागे लांब जात नाहीत, गल्लीतल्या गल्लीतच फिरतात. शेजारणीला गप्प करणं हे त्यांचं काम. त्या जरा सैल झाल्या तरच जोड बळकट होतो. त्या आवळून बसल्या तर कितीही डिवचा, काही उमटत नाही. म्हणजे काय लक्षात राहणार आणि काय नाही, याचा निकाल बराचसा या गल्लीतल्या बायका लावतात!

कापाकापी मोकळेपणानं कर. मानसिंगरावांना नमस्कार.

तुझी
आमू

सदर बझार, सातारा
२३ जून १९९६

प्रिय आमू,

लेख तीनदा वाचला. लाल शाई संपली म्हणून शेवटची दोन पानं हिरव्यानं तपासली आहेत, रागावू नकोस.

'प्रतिबंधात्मक स्थानिक आंतरचेतापेशी' हा शब्द संपेपर्यंत माझ्या मुली डबा खाऊन येतील. तू पत्रात किती सरळ लिहिलं आहेस! तसंच लिही. मी सगळीकडे 'आवर घालणाऱ्या पेशी' असं केलं आहे.

वाचकाच्या मनात येतील असे काही प्रश्न. आवर प्रमाणाबाहेर वाढला तर माणसाला नवं काही शिकताच येणार नाही का? आणि तसं झालं तर त्याचं जुनं पुसलं जातं का, की फक्त नवं उमटत नाही? मेंदूचे काही आजार आईकडून मुलीकडे येतात म्हणे, तसं या पेशींचं असतं का? याची उत्तरं लेखात आली तर बरं.

इकडे सगळं ठीक. हे कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम बघतात. लष्करातून येऊन सहा वर्षं झाली तरी घरात चपला अजून रांगेतच लागतात. मी मागच्या महिन्यापासून पाठवलेल्या पत्रांची नक्कल वहीत ठेवायला लागले आहे. हसू नकोस.

तुझी
चारू

माधवनगर
२ जुलै १९९६

प्रिय चारू,

नक्कल ठेवतेस? अगं, तुझी पत्रं काय पुढे छापायची आहेत? हाडाची शिक्षिका आहेस खरी.

प्रश्न मात्र छान काढलेस. जुनं पुसलं जात नाही. ते आधीच दुसरीकडे पक्कं झालेलं असतं. आवर वाढला तर नवं उमटत नाही, एवढंच. झोपेच्या आणि धास्ती घालवायच्या काही गोळ्या नेमकं हेच करतात. या पेशींचा आवर त्या जास्त घट्ट करतात, म्हणून मन शांत होतं, आणि म्हणूनच गोळी घेतल्यावरचं पुष्कळसं लक्षात राहत नाही. यावर एक परिच्छेद घातला आहे. त्याच्या पुढे आणखी एक घातला आहे, की बरेच दिवस गोळी चालली तर बाकीच्या पेशी त्या आवराला सरावतात. तो जरा जड झालाय, बघ.

आनुवंशिकतेचं आत्ता नको, लेख लांबेल.

आमच्या बाबांना वाचून दाखवलं. गिरणीत तीस वर्षं माग चालवला त्यांनी. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी पट्टी असते. म्हणाले, "ती पट्टी बिघडली की दोनच गोष्टी हुत्यात. एक तर माग सारखा थांबतो, न्हाई तर तुटक्या धाग्यावर धावत सुटतो. दोन्हीत कापड जातंय." मी हे लेखात घातलं आहे. नाव त्यांचं घालायचं का, म्हणून राजारामबाबा कालपासून दोनदा विचारून गेले.

आमू

सातारा
१५ जुलै १९९६

प्रिय आमू,

बाबांचा माग फार आवडला. नाव घाल.

एक शंका वाचकांच्या वतीनं. आवर वाढला तर जुनं पुसलं जातं का, की फक्त नवं उमटत नाही? हे स्पष्ट व्हायला हवं.

दुसरं, गोळ्यांचा परिच्छेद थोडा वाढव. लोकांना त्यात रस असतो. एखादं माणूस समोर उभं कर. समज, एक बाई आहे, त्रेचाळीस वर्षांची. शाळेत शिकवणारी धर. चार वर्षांपूर्वी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती गोळी दिली. तिनं ती सोडलीच नाही. आता तिला कॉलेजातल्या कविता तोंडपाठ आहेत, पण सोमवारी नववी ब ला शिकवलेला धडा ती गुरुवारी पुन्हा शिकवायला घेते. मुली एकमेकींकडे बघतात आणि गप्प बसतात. गप्प बसतात याचीच तिला भीती वाटते, हसल्या असत्या तर बरं. अशा बाईला काय झालं असेल? गोळीमुळे झालं असेल, की दुसरं काही? आणि गोळी थांबवली तर ती पहिल्यासारखी होईल का?

गोळ्यांनंतरचा दुसरा परिच्छेद, तो सरावण्याचा आणि भरपाईचा, काढून टाक. तिथे वाचक थकतो. पुढे काय होईल ते त्याला कळलं की पुरे.

चारू

माधवनगर
२४ जुलै १९९६

चारूबाई,

जुनं पुसलं जातं का, हे तू मागच्याच पत्रात विचारलं होतंस आणि मी उत्तरही दिलं होतं. वय झालं हो तुमचं! वहीतली नक्कल वाचत जा.

पण तुझी ती बाई! अगं, तू कथा का लिहीत नाहीस? मुली गप्प बसतात याचीच तिला भीती वाटते, हे वाचून माझ्याच अंगावर काटा आला. जशीच्या तशी लेखात उचलली आहे. जड परिच्छेद तू म्हणतेस तसा काढला, खरंच लेख हलका झाला. आता शेवट असा आहे: 'गोळी थांबली की आवर घालणाऱ्या पेशी पूर्ववत काम करू लागतात, जोड पुन्हा बळकट होऊ लागतात, आणि ती बाई पुन्हा नवं शिकू लागते.' कसं वाटतं?

लेख उद्या पुण्याला पाठवते. तुझे उपकार फेडायला दिवाळीत तुला भडंग आणि बेदाणे.

आमू

सातारा
५ ऑगस्ट १९९६, सोमवार

आमू,

अक्षर वाईट येतंय, माफ कर.

ती बाई मीच. तुला कळलं असेल असं वाटलं होतं. कळलं नाही हे बरंच झालं, नाही तर तू मला समजावत बसली असतीस आणि खरं लिहिलं नसतंस. लेखात तू खरं लिहिलंस.

तो शेवट मी वहीत उतरवून घेतला आणि रोज वाचला. शनिवारी सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या. आज तिसरा दिवस. झोप अजिबात नाही. काल देवळातली घंटा झाली तेव्हा ती डोक्याच्या आतच वाजल्यासारखी झाली. उजेड टोचतो. पोळी करताना परातीचा आवाजही सोसत नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ताप आहे असं मी म्हणाले. पण मी आतून इतकी जागी आहे, आमू! गेली चार वर्षं मी ओल्या कापडातून जग बघत होते. पेशी सैल होताहेत म्हणजे हेच ना? तू लिहिलं आहेस तसंच होतंय ना?

आज शाळेत गेले नाही. दोन दिवसांत जाईन.

चारू

सांगली
८ ऑगस्ट १९९६, गुरुवार, सकाळी सव्वादहा

मानसिंगराव,

ही चिठ्ठी सातारा गाडीचे कंडक्टर बिराप्पा यांच्या हाती देते आहे. ते आमच्या शेजारचे आहेत. चारूचं पत्र मला आत्ता मिळालं. तिच्या शाळेचा फोन लागत नाही. मी आमच्या डॉक्टरांना विचारून आणि कॉलेजात आज परीक्षा आहे तिथल्या परीक्षकांना सांगून दुपारच्या गाडीनं निघते. तोवर एवढं करा.

चारू चार वर्षं रोज झोपेची गोळी घेत होती. शनिवारी तिनं ती एकदम बंद केली. हे धोक्याचं आहे. तिला आकडी येऊ शकते.

तिला एकटं सोडू नका. चुलीजवळ, पाण्याजवळ, जिन्यावर जाऊ देऊ नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या आणि ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका.

तिला रागावू नका. चूक माझी आहे.

आम्रपाली

मु. पो. सातारा
१९ ऑगस्ट १९९६

आम्रपालीताईंस मानसिंगचा नमस्कार.

तुमी हतं चार दिस हुता पर समोर बोलाया जीभ रेटंना, म्हणून लिवतो. आमचं शिक्षण नववी आन् पुढं पलटणीत, तवा चुकभूल माफ करा.

त्या दिवशी दोन वाजाय आले हुते. ती चहा गाळत हुती. मी म्हनलं, ताप उतारला का गं? तिनं माझ्याकडं बगितलं आन् माझ्या पल्याड कुनीतरी हुबं आसल्यागत बगत ऱ्हायली. मग गाळणी पडली. ताई, मी पलटणीत मानसं पडताना बगितली हायत. पर घरात, आपल्या चुलीम्होरं, आपलं मानूस असं ताठ हुन पडल्यालं बगवलं न्हाई. शेजारची हरणाबाई धावत आली. एकानं कांदा फोडला, एक म्हनला चप्पल हुंगवा, हरणाबाई म्हनली ह्ये बाहीरचं हाय, कोरेगावच्या भगताला आना. मी तिचं हात दाबून धरलं हुतं. तवर दारात रिक्षा थांबली आन् त्यो तुमचा खाकीतला बिराप्पा उतारला. म्हनला, "आवं, चिठ्ठी हाय, लय अर्जंट हाय, आदी वाचा." हात दाबू नका आसं तुमी लिवल्यालं मी वाचलं आन् हात सोडलं.

त्याच रिक्षातनं नेलं. बिराप्पानं आपली गाडी वीस मिन्टं थांबवली आन् दवाखान्यापतूर आला. पायरीवरच दुसरी आकडी आली. डाक्टरनं चिठ्ठी वाचून इंजेक्शान दिलं. म्हनला, त्याच गोळीच्या जातीचं हाय. जिनं ह्ये केलं तिनंच थांबवलं, ह्ये माज्या डोस्क्यात अजून बसत न्हाई.

तुमी चिठ्ठीत लिवलं चूक माजी हाय. न्हाई. मेडिकलमधनं गोळ्या मीच आणत हुतो. ती म्हनायची संपल्या, मी आणायचो. कवा इचारलं न्हाई. फौजेत इचारायची सवय ऱ्हात न्हाई.

आनि एक. तिची वही गवासली. पानापानावर वर लिवलंय, माजं नाव चारुशीला, आज अमका वार, काल नववी ब ला दुसरा धडा झाला, ह्यांची दुपारची पाळी. रोजचं. दीड वर्साचं. तुमास्नी लिवल्याली पत्रंबी हायत त्यात. मी शेजारी निजत हुतो आन् मला ठावं न्हवतं. वही बगितली ह्ये तिला सांगू नका.

ती बरी हुईल न्हवं? खरं काय ते लिवा.

आपला,
मानसिंग

माधवनगर
२७ ऑगस्ट १९९६

प्रिय चारू,

तुझ्या उशाशी बसून जे बोलता आलं नाही ते लिहिते.

आकडी का आली, ते आधी. चार वर्षं तुझ्या मेंदूतला आवर गोळीनं वाढवलेला होता. बाकीच्या पेशी हळूहळू त्याला सरावल्या. आवर घट्ट म्हणून त्यांनी आपला आवाज चढवला. तू आवर एका दिवसात काढून घेतलास आणि चढलेला आवाज तसाच राहिला. घंटा डोक्यात वाजणं, उजेड टोचणं, ते सगळं त्याचंच. तुला ते जागं होणं वाटलं.

हे सगळं त्या परिच्छेदात होतं. काढायला तू सांगितलंस हे खरं, पण तू कशासाठी सांगते आहेस ते मला दिसायला हवं होतं. एकच प्रश्न दोनदा आला. वही आली. ती बाई आली. मी प्रत्येक पत्रात फक्त माझा लेख वाचत होते. तुझ्या अंगावरचं दुखणं मी उदाहरण म्हणून उचललं आणि तुला शाबासकी दिली! दवाखान्यातल्या त्या रात्रीपासून मला ते वाक्य दिसतं, वय झालं हो तुमचं.

संपादकांना फोन केला. पानं जुळवून झाली होती. म्हटलं, तो परिच्छेद नसेल तर लेख नको. आता तो ऑक्टोबरच्या अंकात परिच्छेदासकट येईल. ती बाई काढून टाकली आहे.

आता डॉक्टर सांगतील तसंच. पुन्हा पूर्ण गोळी, मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी कमी. कंटाळा आला तरी, बरं वाटलं तरी, एक दिवसही उडी मारायची नाही. पेशींना आवाज उतरवायला वेळ लागतो.

मला काही लपवून लिहू नकोस.

आमू

सातारा
२० सप्टेंबर १९९६

आमू,

आता पाऊण गोळी. हे रोज ब्लेडनं गोळी कापतात, आणि कापताना बंदूक साफ करत असल्यासारखे श्वास रोखून बसतात. तुकडा उडाला की दोघंही जमिनीवर ओणवे होऊन शोधतो. परवा हरणाबाई आली आणि म्हणाली, "काय मोती सांडलं का काय?"

लपवू नकोस म्हणालीस. मग ऐक. आईला अर्धांग झालं होतं असं मी वसतिगृहात सगळ्यांना सांगायची. तुलाही. आईला अर्धांग नव्हतं. पन्नासाव्या वर्षी ती विसरायला लागली. आधी भाजीत मीठ दोनदा, मग शेजारणींची नावं, मग आमची. कोरेगावच्या स्टँडवर रोज जाऊन बसायची, माहेरची गाडी कधी आहे म्हणून विचारायची. वडील तिला हाताला धरून आणायचे. लग्न ठरताना वडिलांनी हे कुणालाही सांगायचं नाही असं बजावलं. ह्यांनाही माहीत नव्हतं. आता सांगितलं. ह्यांनी उठून चपला सरळ केल्या.

मी पहिल्यांदा धडा दोनदा घेतला त्या दिवशी मला गोळी आठवलीच नाही. मला आई आठवली. मग तुझा लेख आला आणि त्यात गोळी होती. तुला कळतंय का, मला किती आनंद झाला होता? गोळीचा दोष निघावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. तो परिच्छेद मी जड म्हणून काढायला सांगितला नव्हता. मला तो नको होता.

आता खरी भीती ही आहे. गोळी आहे तोवर दोष तिच्यावर टाकता येतो. ती पूर्ण सुटली आणि तरीही मी विसरत राहिले तर? मग टाकायला दुसरं काही उरणार नाही. कधी कधी वाटतं, हा पाऊण तुकडा जन्मभर असाच राहावा.

शाळेत मोठ्या बाईंनी मला वाचनालयाचे तास दिले आहेत. तिथे धडा शिकवावा लागत नाही. चांगुलपणानं दिलेत, तरी घरी येऊन मी रडले.

खरं सांग, मी आईसारखी होणार आहे का?

चारू

माधवनगर
१९ नोव्हेंबर १९९६

प्रिय चारू,

रविवारी तुझ्याकडून आले तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोन महिने टाळलं. त्या दिवशीही टाळलं.

उत्तर माझ्याकडे नाही. गोळीनं होणारं विसरणं आणि आईंना झालं ते, सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. जुनं लख्ख, नवं पुसट. त्रेचाळीस वय त्या आजाराला फार लवकरचं आहे, हे तुझ्या बाजूनं. दुसऱ्या बाजूनं आई आहेत. पाव गोळीवर आलीस. ती सुटल्यावर आणखी काही महिने गेले म्हणजे चित्र स्पष्ट होईल. त्याआधी जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मी असले तरी.

एक कर. परवाचा रविवार मला लिहून पाठव. वही बघायची नाही, मानसिंगरावांना विचारायचं नाही. जे आठवेल ते. जे आठवत नाही ती जागा रिकामी सोड, भरून काढू नकोस. मी जे खरं ते कळवीन.

भीती वाटली तर लिहू नकोस. पण मला वाटतं, न लिहिण्याचीही तुला भीतीच वाटेल.

आमू

सातारा
२६ नोव्हेंबर १९९६

आमू,

चार दिवस कागद पुढे घेऊन बसत होते. आज लिहिते. वही कपाटात आहे आणि किल्ली ह्यांच्या खिशात.

तू मरून साडी नेसली होतीस, काठावर शाईचा डाग होता. पिशवीत बेदाणे होते. म्हणालीस, भडंग बाबांनीच संपवलं. ह्यांनी स्वतः मटण केलं होतं. पलटणीतल्या मापानं तिखट. तू तीन तांबे पाणी प्यायलीस आणि तरी उत्तम आहे म्हणालीस. हे आत गेल्यावर माझ्या कानात म्हणालीस, "शत्रूला हेच वाढायचे का गं?" हरणाबाईनं विचारलं, पोरंबाळं किती, तर तू म्हणालीस, "शंभर. दर वर्षी नवी येतात, जुनी दवाखाने काढतात." तिनं कपाळाला हात लावला.

ते झालं जेवणाआधी आणि जेवताना. मग काही नाही. पांढरं आहे. तू म्हणालीस म्हणून भरलं नाही, नाही तर आपण गप्पा मारत बसलो असं लिहिता आलं असतं.

त्यापुढे एकदम संध्याकाळ. स्वयंपाकघर. हे दूध आणायला गेले होते. मी भांडी विसळत होते, तू फडक्यानं पुसत होतीस. तू म्हणालीस, "चारू, मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येत जाईन. गोळी सुटली तरी, चित्र कसंही निघालं तरी." मी हातातलं पातेलं घट्ट धरलं, ते सुटेल असं वाटलं. हे इतकं स्पष्ट आठवतं आहे की त्याचीच भीती वाटते. मला हवं होतं म्हणून तर मी ते रचलं नसेल?

किती बरोबर आहे ते लगेच कळव. कमी असेल तरी.

चारू

माधवनगर
२ डिसेंबर १९९६

प्रिय चारू,

साडी जांभळी होती. डाग होता. बेदाणे, मटण, तीन तांबे, सगळं बरोबर. शत्रूचं मी म्हणाले होते, मानसिंगरावांना सांगू नकोस. हरणाबाईंचंही अक्षरन्‌अक्षर बरोबर. जुलैत तू मला एकच प्रश्न दोनदा विचारत होतीस. हा फरक आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

आता पांढऱ्या जागेचं. तू झोपली नव्हतीस. जेवणानंतर आपण तास-दीड तास तुझ्या आईचे फोटो बघत होतो. तू ट्रंकेतून काढून आणलेस. एकेका फोटोतल्या माणसांची नावं तू सांगत होतीस, आणि एकाशी थांबून बराच वेळ रडलीस. त्यातलं काही तुझ्याजवळ राहिलं नाही. कदाचित इतकं रडल्यामुळे, कदाचित पाव गोळीमुळे. कदाचित दुसरं. मला माहीत नाही. हे न लिहिता सोडून द्यावं असं दोन दिवस वाटत होतं. चांगलं लिहून टाकावं आणि तू हसावंस. पण सोपं करून एकदा लिहिलं आहे मी.

राहिलं स्वयंपाकघर. तिथे आपण दोघीच होतो. भांडी तू विसळलीस, मी पुसली, दूध आणायला मानसिंगराव गेले होते, हे मला पक्कं आठवतं. आपण काहीतरी बोलत होतो. पण दर महिन्याला येईन असं मी म्हणाले का, चारू, मला आठवत नाही. दोन दिवस आठवून पाहिलं. म्हणाले असेन. म्हणाले नसेन, आणि तुझ्या मनानं ते तयार केलं असेल. तसं असेल तर ते चांगलं लक्षण नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. तुझं चुकलं की माझं, हे सांगणारं तिसरं माणूस त्या वेळी घरात नव्हतं. आता कधीच कळणार नाही.

मला भीती वाटते. तुझ्याइतकी नसेल, पण वाटते.

येत्या आठ तारखेला दुसरा रविवार आहे. सकाळी साडेसहाच्या गाडीनं निघते.

तुझी
आमू